ताप उतरल्यानंतरचे महिने

चिकुनगुनियाचा ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो. सांध्यांचे दुखणे मात्र मागे राहते, आणि वैद्यकाने त्याचे टप्पे ठरवले आहेत. पहिले तीन आठवडे ही तीव्र अवस्था. तिथून तीन महिन्यांपर्यंत मधली. तीन महिने उलटूनही ठणका, सूज किंवा सकाळची आखडण टिकून असेल, तर ती जुनाट अवस्था मानतात. बरेच रुग्ण तीन महिन्यांच्या आत मोकळे होतात, काहींना वर्ष लागते, थोड्यांना त्याहूनही अधिक. या शेवटच्या दोन गटांत कोण जातो, का जातो आणि त्यांच्या सांध्यांत नेमके काय चाललेले असते, या प्रश्नाने गेली वीस वर्षे संशोधकांना गुंतवून ठेवले आहे. मराठवाड्यात या प्रश्नाला एक अडचण जास्तीची आहे. ज्या माणसाचा अभ्यास करायचा, तो तिसऱ्या महिन्यात बहुतेकदा गावातच नसतो.

बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, तरी पाणी हा इथला रोजचा घोर. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी हलकी आणि मुरमाड. खरिपाची बाजरी, तूर, कापूस पदरात पडो वा न पडो, दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात तर कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती तोडलेल्या टनांतून फिटते, आणि कामाला न गेलेला दिवस खाडा म्हणून हिशेबात मांडला जातो. चिकुनगुनियाचा जोर असतो पावसाळ्याच्या उत्तरार्धात. भाद्रपदात अंथरुणाला खिळलेल्या बाईचा तिसरा महिना मार्गशीर्षात भरतो, आणि तेव्हा ती एखाद्या कारखान्याच्या तळावर कोपीत राहत असते.

हा आजार जे सांधे धरतो, नेमके त्याच सांध्यांवर ऊसतोड चालते. मनगटे, बोटांची पेरे, घोटे, पावले, गुडघे, बहुधा दोन्ही बाजूंचे. ऊस बुडख्याशी तोडायचा तर कमरेत वाकून डाव्या हाताने ऊस घट्ट धरावा लागतो आणि उजव्या हाताने कोयता मारावा लागतो. मग पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायची. पहाटे काम सुरू होते आणि आखडण सर्वांत जास्त असते ती पहाटेच. मूठ वळत नाही, कोयत्याची पकड सुटते, घोटा टेकवताना कळ मस्तकात जाते. तास-दोन तासांनी सांधे मोकळे होऊ लागतात, संध्याकाळी पुन्हा सुजतात. नोकरदार माणूस अशा अवस्थेत रजा टाकतो. इथे जोडीतला एक हात गळाला की कोयताच अर्धा होतो.

हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो टांझानियातल्या माकोंडे पठारावरच्या १९५२-५३ च्या साथीत. अल्फाव्हायरस गटातला हा विषाणू एडिस डासांमार्फत पसरतो. आपल्याकडे तो १९६३ मध्ये कलकत्त्यात आढळला, पाठोपाठ मद्रास आणि आंध्रच्या किनाऱ्यावर. महाराष्ट्रातली पहिली नीट अभ्यासलेली साथ १९७३ ची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. बार्शी म्हणजे बालाघाटाच्या दक्षिण पायथ्याचे बाजाराचे गाव, बीड आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या दोन्ही जिल्ह्यांचे लोक जिथे येत-जात असतात असे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकाने तिथे केलेल्या पाहणीत लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आजार झाल्याचे दिसले. १९७२ च्या दुष्काळानंतरचे ते वर्ष होते.

त्यानंतर बत्तीस वर्षे या आजाराची मोठी साथ देशात नोंदली गेली नाही. एवढ्या काळात डॉक्टरांची एक पिढी हा आजार न पाहता निवृत्त झाली. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातून बातम्या येऊ लागल्या आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात मालेगाव, मराठवाडा, सोलापूर असा पट्टाच्या पट्टा आजारी पडला. घरातले सगळेच एकाच वेळी झोपलेले, भाकर थापायला कोणी नाही, अशी अवस्था त्या पावसाळ्यात अनेक गावांनी पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २००६ मधल्या निवेदनात आठ राज्यांतल्या १५१ जिल्ह्यांचा उल्लेख आहे. त्यावेळेपर्यंत कर्नाटकात ७,५२,२४५ आणि महाराष्ट्रात २,५८,९९८ संशयित रुग्ण नोंदले गेले होते. वर्षअखेरीस देशाचा आकडा सुमारे १३ लाख ९० हजारांवर गेला. या सगळ्यांत प्रयोगशाळेने पक्के निदान केलेले रुग्ण होते सुमारे दोन हजार. पुढच्या प्रत्येक अभ्यासावर या तफावतीची छाया आहे, कारण दोन वर्षांनी 'मला तेव्हा चिकुनगुनिया झाला होता' असे सांगणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा कोणताही कागद नसतो.

राष्ट्रीय विषाणू संस्थेने २००६ मधल्या नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासला, तेव्हा हा विषाणू बार्शीच्या जुन्या विषाणूचा वंशज नसल्याचे स्पष्ट झाले. १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई प्रकारातले होते. २००६ चा पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी प्रकारातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे २००० साली मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी प्रकाराचा निघाला. मोठ्या साथीच्या पाच-सहा वर्षे आधीच तो महाराष्ट्रात पोचलेला होता. भारतातल्या २००६ च्या साथीच्या सुमारास हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर साथ पेटली होती आणि बेटाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली होती. तिथे विषाणूच्या बाह्य प्रथिनात एक बदल घडला आणि एडिस अल्बोपिक्टस या डासातून तो अधिक सहज पसरू लागला. मराठवाड्यातल्या साथीला त्या बदलाची गरज पडली नाही. इथला वाहक एडिस इजिप्ती, आणि त्याला लागते फक्त घरातले साठवलेले स्वच्छ पाणी.

पाण्याचा तुटवडा आणि डासांची पैदास या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण पाटोद्यासारख्या तालुक्यात त्या एकत्रच नांदतात. नळाला किंवा टँकरला पाणी आठ-दहा दिवसांनी येणार असेल, तर घरात रांजण, हौद, प्लॅस्टिकचे पिंप, सिमेंटची टाकी हे सगळे भरून ठेवावेच लागते. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर कडेवर अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. रांजण रिकामा करून उन्हात पालथा घातला, पण आतून घासला नाही, तर अंडी कडेला तशीच चिकटून राहतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांचा. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याची सूचना याच हिशेबाने दिली जाते. पण ज्या घरात रांजणातले पाणी हीच आठवड्याची बेगमी, त्या घराला ते ओतून द्यायला सांगणे सोपे नाही. आरोग्य सेवक आणि आशाताई घरोघर फिरून टॉर्च मारून अळ्या शोधतात, टेमिफॉसचे औषध टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीचा त्यावर फारसा उपयोग नसतो. नियमित पाणीपुरवठा हाच चिकुनगुनियाविरुद्धचा इथला सर्वांत मोठा उपाय आहे, आणि तो आरोग्य खात्याच्या हातात नाही.

सांध्यात काय घडते

चावल्यानंतर विषाणू त्वचेतल्या पेशींमध्ये वाढतो, रक्तात उतरतो आणि तिथून स्नायू, स्नायुबंध आणि सांध्याच्या अस्तरात पोचतो. हे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, सांध्याला वंगण पुरवणारा पातळ पडदा. त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी विषाणूच्या विशेष आवडीच्या. पेशीला संसर्गाची चाहूल लागली की ती इंटरफेरॉन सोडते आणि शेजाऱ्यांना सावध करते. त्याच वेळी 'इकडे या' असा निरोप देणारी रसायनेही सोडली जातात, त्यांतले प्रमुख एमसीपी-१. या हाकेला ओ देऊन रक्तातल्या मोनोसाइट पेशी सांध्यात शिरतात आणि मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बनतात. सूज, लाली, उष्णता आणि ठणका ही सगळी या धावपळीची लक्षणे. आठवड्याभरात प्रतिपिंडे तयार होतात, रक्तातला विषाणू नाहीसा होतो, ताप उतरतो. इथपर्यंतची वाटचाल बऱ्यापैकी उलगडलेली आहे.

ज्यांच्या सांध्यातून ही फौज मागे हटत नाही, त्यांच्याबाबत दोन तर्क पुढे आले आणि दोहोंच्या बाजूने पुरावा आहे. पहिला तर्क असा, की विषाणू किंवा त्याचे तुकडे कोपऱ्यात दडून राहतात. रेयुनियनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संसर्गानंतर अठरा महिन्यांनी एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातील भक्षक पेशींत विषाणूचा आरएनए आणि प्रथिने आढळली. माकडांवरच्या प्रयोगांतही भक्षक पेशींत विषाणू दीर्घकाळ टिकल्याचे दिसले. उंदरांमध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी अशी युक्ती केली, की संसर्ग झालेली पेशी कायमची खूण वागवील. तेव्हा विषाणूच्या हल्ल्यातून जिवंत राहिलेल्या पेशी स्नायूंत आणि त्वचेत सापडल्या आणि विषाणूचा आरएनए त्यांच्यात रेंगाळलेला होता.

दुसरा तर्क असा, की विषाणू गेलेला असतो, दाह मात्र स्वतःच्या बळावर चालू राहतो. कोलंबियातल्या साथीनंतर सुमारे बावीस महिन्यांनी ३८ रुग्णांच्या सांध्यांतला द्रव काढून तपासण्यात आला. एकाही नमुन्यात विषाणू मिळाला नाही. दोन्ही निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही. एका ठिकाणी अस्तराचा तुकडा तपासला गेला, दुसऱ्या ठिकाणी द्रव, आणि विषाणूचा अवशेष पेशीच्या आत असेल तर द्रवात तो उतरेलच असे नाही. पण अस्तराचा तुकडा काढणे म्हणजे छोटी शस्त्रक्रियाच. ती शेकडो रुग्णांवर करता येत नाही, म्हणून हा वाद अजून मिटलेला नाही.

रक्तातल्या खुणा त्या मानाने एका सुरात बोलतात. सिंगापूरमध्ये ज्यांचे दुखणे लांबले, त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि जीएम-सीएसएफ या दाहकारक रसायनांची पातळी चढी आढळली. इंटरल्यूकिन-६ हेच संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या दाहातलेही प्रमुख रसायन. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना देते, आणि काही चिकुनगुनियाग्रस्तांत पुढे क्ष-किरणात हाडांची झीज दिसते ती याच मार्गाने. फरकही आहेत. चिकुनगुनियानंतरच्या बहुतेक रुग्णांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही संधिवाताची प्रतिपिंडे नसतात. ती ठळकपणे असतील, तर साथीच्या आडून खरा संधिवात उघडा पडला असण्याची शक्यता डॉक्टरांना ध्यानात घ्यावी लागते. दुखणे कोणाचे लांबते याचे ढोबळ अंदाज अनेक देशांत जुळतात: वय पंचेचाळिशीच्या पुढचे, पहिल्या आठवड्यातच सांधे फार सुजलेले, आधीपासून सांध्यांचा आजार असलेले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक.

गावात राहून केलेले संशोधन

महाराष्ट्राचे या विषयातले मोठे काम झाले ते रुग्णालयात नव्हे, गावात. त्याची पायाभरणी साथीच्या दहा वर्षे आधी झाली होती. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या कॉपकॉर्ड या पद्धतीने तिथे ४,०९२ प्रौढांची विचारपूस आणि तपासणी झाली. सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंची काही ना काही तक्रार होती. संधिवाताचे प्रमाण होते अर्धा टक्का.

साथ येऊन गेल्यावर या आकड्यांचे मोल कळले. शंभरातल्या अठरा माणसांचे सांधे एरवीही दुखत असतील, तर साथीनंतर कोणाचा गुडघा चिकुनगुनियाने दुखतो आणि कोणाचा चाळीस वर्षांच्या कष्टाने, हे वेगळे कसे काढायचे? ज्याला साथीआधी कधीच त्रास नव्हता, असा रुग्ण निराळा मोजावा लागतो. डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीनंतर सोलापूर भागातल्या ग्रामीण वस्तीत दोन वर्षे पाठपुरावा करून नेमके हेच केले. त्यांना दिसले ते दोन अंगांनी महत्त्वाचे आहे. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकालाच सांधेदुखी होती, पण वर्ष-दोन वर्षांनंतर दुखणे टिकलेले लोक मोजकेच उरले. रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेले आकडे याच्या कितीतरी पट मोठे होते, आणि त्याचे कारण उघड आहे: बरा झालेला माणूस रुग्णालयात परत येत नाही. जे येतात त्यांचीच टक्केवारी काढली, तर आजार आहे त्याहून भयंकर दिसतो. दुसरे अंग असे, की साथीत लाखो लोक सापडले असतील तर त्यातले थोडे टक्केही हजारो माणसे होतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी सांधेविकारतज्ज्ञ नसतो.

थोड्यांचे हे दुखणे देशाला किती महागात पडले, याचा हिशेब पुदुच्चेरीच्या कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडला. आजारपणाने वाया गेलेल्या निरोगी आयुष्याची वर्षे मोजण्याची एक पद्धत आहे. तिच्यानुसार २००६ च्या साथीने देशाची २५,५८८ वर्षे खाल्ली, आणि त्यातला ६९ टक्के भार रेंगाळलेल्या सांधेदुखीचा निघाला. बुडालेली मजुरी किमान ३९ कोटी १० लाख रुपये. ताप, पुरळ, रुग्णालयातले दिवस हे सारे मिळून उरलेला तिसरा हिस्सा. साथीच्या काळात रोजचे आकडे जाहीर होतात ते तापाच्या रुग्णांचे. जो दोन तृतीयांश भार नंतर पडतो, त्याची कोणतीही रोजची नोंद आरोग्य यंत्रणेत नाही, आणि हीच या विषयातली सर्वांत मोठी उणीव आहे.

नोंद ठेवायची तर निदान वेळेवर हवे. पहिल्या पाच-सात दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचा आरएनए सापडतो. पाचव्या दिवसाच्या आसपास आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात आणि साधारण तीन महिने राहतात. त्यांच्यासाठीचा मॅक-एलायझा संच राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते आणि देशभरच्या ठरावीक प्रयोगशाळांना पुरवते. चाचणीची पाटी हाताच्या पंजाएवढी, तिच्यात आठ बाय बारा अशा ९६ लहान खळगी. प्रत्येकात एका रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब, मग विषाणूचे प्रथिन, मग खूण बांधलेले प्रतिपिंड, आणि दर दोन टप्प्यांमध्ये धुणे. शेवटी रंगद्रव्य टाकले की जिथे प्रतिपिंडे आहेत ती खळगी निळी होतात. आम्ल घालून क्रिया थांबवली की पिवळी. यंत्र त्या पिवळेपणाची तीव्रता मोजते. पाटी भरेल इतके नमुने जमले की चाचणी लावायची, असा शिरस्ता असतो. गावातल्या उपकेंद्रावर रक्त घेऊन ते थंड पेटीतून जिल्ह्याला जायचे, तिथून अहवाल यायचा, तोवर ताप उतरलेला असतो आणि घरच्यांना अहवालाची गरज वाटेनाशी होते. तीन महिन्यांनी सांधे धरले की त्याच कागदाची आठवण येते. त्या वेळी आयजीएम मावळत चाललेले असते. आयजीजी प्रतिपिंडे मिळतात, पण साथ येऊन गेलेल्या भागात ती अनेक निरोगी माणसांतही असतात.

पाटोद्यासारख्या तालुक्यात दीर्घ पाठपुरावा करायचा तर ऊसतोडीचे वेळापत्रक अभ्यासाच्या आराखड्यात आधीच धरावे लागेल. सप्टेंबरमध्ये नाव नोंदवलेले रुग्ण डिसेंबरच्या तपासणीला आले नाहीत, तर ते बरे झाले म्हणून आले नाहीत असे गृहीत धरण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात जे कामाला गेले त्यांच्यात बरे झालेलेही असतात आणि उचल फेडायची म्हणून दुखणे अंगावर काढत गेलेलेही. मागे गावात राहिलेल्यांमध्ये म्हातारी माणसे जास्त, म्हणजे ज्यांचे सांधे एरवीही दुखतात तीच. त्यामुळे गावातच थांबून काढलेली टक्केवारी दोन्ही बाजूंनी फसवी ठरू शकते. फोनवरून विचारपूस, कारखान्याच्या तळावर जाऊन तपासणी, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लोक परतल्यावर तिसरी फेरी, अशी आखणी खर्चिक आहे, पण अशक्य नाही. मुकादमाच्या यादीत कोण कुठल्या कारखान्यावर आहे याची नोंद असतेच.

औषधे आणि त्यांची परीक्षा

विषाणूवर थेट चालणारे औषध नाही. तापाच्या दिवसांत पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढेच सांगितले जाते. डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत अॅस्पिरिन आणि इतर वेदनाशामके टाळायची असतात, कारण डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते आणि दोन्ही आजार एकाच डासाचे, एकाच मोसमातले. स्टेरॉईडही या काळात द्यायचे नसते. गावोगावी मात्र 'सुई घेतली की उभं राहता येतं' हा अनुभव लोकांच्या पक्का लक्षात राहिला आहे. स्टेरॉईडने दाह झपाट्याने दबतो, सूज ओसरते, माणूस कामाला लागतो. औषध उतरले की ठणका दुप्पट जोराने परततो आणि पुन्हा सुई लागते. साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे पुढचे. वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. उन्हात, कमी पाण्यावर दिवसभर राबणाऱ्या माणसाने त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांना धोका असतो, आणि फडातला माणूस नेमका असाच राबतो.

हिवतापावरचे क्लोरोक्विन संधिवातात थोडेफार उपयोगी पडते, म्हणून ते इथेही चालेल अशी आशा होती आणि २००६ नंतर ते सर्रास दिले गेले. रेयुनियनमधल्या चाचणीत तीव्र अवस्थेत त्याचा लाभ दिसला नाही. उलट काही महिन्यांनंतर सांधेदुखीची तक्रार क्लोरोक्विन घेतलेल्यांतच अधिक होती. डॉ. चोप्रा यांच्या गटाने क्लोरोक्विन आणि मेलोक्सिकॅम हे साधे वेदनाशामक यांची तुलना केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सुरुवातीच्या सांधेदुखीत क्लोरोक्विन सरस ठरले नाही. दोन्ही गट सुधारले, आणि त्या सुधारणेत आजाराच्या स्वतःहून ओसरण्याचा वाटा मोठा होता. तुलनेचा गट नसता तर सगळे श्रेय औषधाला गेले असते. घरगुती उपायांपासून महागड्या गोळ्यांपर्यंत चिकुनगुनियाच्या बहुतेक 'हमखास' इलाजांची कीर्ती अशीच वाढलेली आहे.

दुखणे खरोखर जुनाट झाले आणि सूज स्पष्ट असली, तर संधिवातातली दाह आवरणारी औषधे वापरतात. केरळमधल्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तीन औषधे एकत्र दिलेले रुग्ण, केवळ हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांपेक्षा चांगले सुधारले. चाचणी लहान होती, पण दिशा दाखवणारी. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ते चालत नाही. सुरू करण्यापूर्वी यकृत आणि क्षयरोगाची तपासणी, नंतर ठरावीक काळाने रक्त तपासणे आवश्यक. तळावर राहणाऱ्या बाईला दर महिन्याला रक्त तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे एक खाडा आणि प्रवासखर्च. औषध परवडते, त्याची देखरेख परवडत नाही.

विषाणू निघून गेल्यावर शरीर पूर्ववत न होणे ही गोष्ट कोविडनंतर घरोघरी ठाऊक झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कारणाने न उलगडणारी लक्षणे. थकवा, दम लागणे, विसराळूपणा ही त्यांतली मुख्य. ब्रिटनमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या साडेसहाशेहून अधिक कोविडरुग्णांच्या रक्ताचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणे टिकलेल्यांत दाहाच्या खुणा चढ्या होत्या, आणि थकवा, हृदय, पचन अशा वेगवेगळ्या तक्रारींमागे खुणांचे वेगवेगळे संच होते. दडलेला विषाणू की सुटलेला दाह, हा वाद तिथेही तसाच चालू आहे. कोविडमुळे या प्रश्नाला जेवढा निधी मिळाला तेवढा चिकुनगुनियाला कधीच मिळाला नव्हता. पण चिकुनगुनियात एक सोय आहे जी कोविडमध्ये नाही: दुखणारा सांधा दाखवता येतो, सूज मोजता येते, अस्तर तपासता येते. थकव्याचे तसे नाही. म्हणून दाह रेंगाळतो कसा, हे शिकण्यासाठी चिकुनगुनिया अधिक स्पष्ट उदाहरण आहे.

साथ संपलेली नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूर भागांत चिकुनगुनियाने पुन्हा डोके वर काढले. काही रुग्णांत नाकावर काळसर डाग आणि मज्जासंस्थेची लक्षणेही डॉक्टरांनी पाहिली. २००६ नंतर जन्मलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या शरीरात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नसतील, आणि तीच मुले आता कोयता हातात घेण्याच्या वयात येत आहेत. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या लसीला मान्यता मिळाली. ती क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची होती, आणि गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे तिचा परवाना स्थगित झाला. विषाणूसदृश कणांपासून बनवलेल्या दुसऱ्या लसीला तिथेच फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. भारत बायोटेकची मृत विषाणूपासूनची लसही मानवी चाचण्यांपर्यंत पोचली आहे. अमेरिकेतल्या दोन्ही मान्यता रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पातळीवरून देण्यात आल्या. लस घेतलेल्यांमध्ये जुनाट सांधेदुखी प्रत्यक्ष किती टळते, हे साथीच्या भागात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तीन महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी, ती जिथे असतील तिथे जाऊन तपासणी केल्यावरच मोजता येईल.